जानेवारी, हॅमचं हाड आणि वाटाण्याची डाळ

मी कंटेंट रायटर आहे. फ्रायपॅन, मिक्सर, ओट्स, सूपची पाकिटं अशा गोष्टींबद्दल मी दिवसभर इंग्रजीत लिहीत असते. या कामात एक शब्द आठवड्यातून दोनदा तरी हमखास येतो, 'हार्टी'. हार्टी सूप, हार्टी ब्रेकफास्ट. बी.ए.ला इंग्रजी घेऊनही मला या शब्दाला नेमका मराठी शब्द सापडलेला नाही. 'पोटभरीचं' म्हणावं तर गोष्ट पोटापाशीच संपते, आणि 'पौष्टिक' म्हटलं की डॉक्टर आठवतात. दाट, वाफाळतं, एका वाडग्यात जेवण उरकणारं आणि खाल्ल्यावर 'आता बाहेर काही का होईना' असं वाटायला लावणारं, एवढं सगळं त्या एका शब्दात आहे. तुम्हाला चांगला मराठी शब्द सुचला तर जरूर वापरा. मी तोवर तुम्हाला सूपच सांगते.

सूप आहे वाटाण्याची डाळ आणि हॅम यांचं. हॅम म्हणजे डुकराच्या मांडीचं खारवलेलं, बहुतेक वेळा धुरावलेलं मांस. हे वाचून तुमच्यातल्या निम्म्या जणांनी पान सरकवायला अंगठा उचलला असेल, पण जरा थांबा. आमचं घर इंदूरचं, स्वयंपाकघर शाकाहारी. कॉलेजात मी चिकन खायला लागले तेही बाहेर, आईला माहीत असूनही माहीत नसल्यासारखं. त्यामुळे या सूपची हॅमशिवायची आवृत्तीही मी करून पाहिली आहे, आणि ती आमच्या आईच्या पसंतीला उतरली आहे. याहून वरचं सर्टिफिकेट माझ्याकडे नाही.

माझी ताई कॅनडातल्या सॅस्कटूनला असते. गेल्या नोव्हेंबरच्या शेवटी तिचं बाळंतपण झालं. आईच जायची होती, पण बाबांची अँजिओप्लास्टी झाली आणि आईचं जाणं रद्द झालं. माझं काम लॅपटॉपवरचं, कुठूनही होण्यासारखं. म्हणून डिंकाचे लाडू, अळीव, बाळंतशोपा असं सगळं बॅगेत भरून मी गेले. गेले ती थेट थंडीच्या तोंडात.

तिथली थंडी कशी असते ते आकड्यांतून कळत नाही, तरी सांगते. जानेवारीत सकाळी उणे ३१ पाहिलंय मी. रात्री गाड्यांना मोबाइलसारखं चार्जिंगला लावल्यागत वायर लावून ठेवतात. ते चार्जिंग नसतं, इंजिन गोठू नये म्हणून त्यातला हीटर चालू ठेवायचा असतो. डिसेंबरात सूर्य सकाळी नऊनंतर उगवतो आणि पाचच्या आत मावळतो. साडेचार वाजले की खिडकीबाहेर निळसर होऊ लागायचं आणि ताईच्या डोळ्यांत पाणी यायचं. रोज, अगदी त्याच वेळी. बाळ छान होतं, जिजू समजूतदार होते, मी होते. तरी यायचं. तिथली नर्स फोनवर विचारपूस करायची, तेव्हा ताई 'आय अ‍ॅम फाइन' म्हणायची. लाडवांचा डबा तसाच भरलेला होता. वरणभात पुढे केला की दोन घास खाऊन ताट बाजूला ठेवायची.

आता शेजारच्या आजींबद्दल. तिकडे सगळे एकमेकांना नावानं हाक मारतात. ऐंशीच्या घरातल्या बाईला नावानं हाक मारायला माझी जीभ काही वळेना. मी त्यांना 'आजी' म्हणू लागले आणि अर्थही सांगितला. त्यांना तो इतका आवडला की पुढे स्वतःच्या मुलालाही फोनवर त्यांनी तो ऐकवला.

आजींनी मला पहिल्या भेटीत काय विचारलं असेल? 'तुमच्याकडे यंदा पाऊस कसा झाला?' मला वाटलं, हवापाण्याच्या गप्पा आहेत. तसं नव्हतं. आजींच्या यजमानांची शहराबाहेर शेती होती आणि ते वाटाणा पिकवायचे. कॅनडातला पिवळा वाटाणा वर्षानुवर्षं सगळ्यात जास्त घेणारा देश म्हणजे भारत. आपल्याकडे मान्सून चांगला झाला की आपली डाळ भरपूर येते आणि त्यांच्या वाटाण्याचा भाव पडतो. पाऊस रुसला की त्यांचा भाव चढतो. म्हणून सॅस्कॅचेवानच्या शेतकऱ्याच्या घरात जून-जुलैमध्ये आपल्या मान्सूनच्या बातम्या वाचल्या जातात. आपण गाडीवर रगडा पॅटिस खाताना तो वाटाणा कुठून आला असेल असं कधी म्हणतो का? मी तरी कधी म्हटलं नव्हतं.

नोव्हेंबर २०१७ मध्ये भारत सरकारनं वाटाण्यावर ५० टक्के आयात शुल्क लावलं. आपल्याकडे डाळींचं पीक उदंड आलं होतं, भाव कोसळले होते, इथल्या शेतकऱ्याला आधार द्यायचा होता. मी त्या वर्षी शाळेत होते आणि ही बातमी माझ्या कानावरही आली नव्हती. आजींच्या घरी मात्र त्या हिवाळ्यात वाटाणा कोठारात तसाच पडून राहिला. आजोबा म्हणायचे म्हणे, 'सगळा आपणच सूप करून संपवू.' पुढे डिसेंबर २०२३ मध्ये पिवळ्या वाटाण्याला पुन्हा शुल्कमाफी मिळाली, पण तोवर त्यांनी शेती दुसऱ्याला कसायला देऊन शहरात घर घेतलं होतं. हे सांगताना आजींच्या बोलण्यात तक्रार नव्हती. त्यांनी फक्त विचारलं, 'त्या वर्षी तुमच्या शेतकऱ्यांना बरा भाव मिळाला का?' मला उत्तर माहीत नव्हतं.

आजोबा सप्टेंबरात गेले. डिसेंबरच्या सुरुवातीला आजी बर्फावरून घसरल्या आणि उजवं मनगट मोडलं. नाताळला त्यांचा मुलगा कॅलगरीहून सहा तास गाडी चालवत कुटुंबासह आला. अख्खं हॅम भाजलं गेलं, चार दिवस घर भरलं, आणि जाताना तो टेबलावर काही माहितीपत्रकं ठेवून गेला. ज्येष्ठांच्या निवासांची. फेब्रुवारीत परत येईन तेव्हा ठरवू, म्हणाला. वाईट माणूस नाही तो. आई एकटी आहे, हात प्लास्टरमध्ये आहे, बाहेर उणे तीस आहे, आणि फ्रिज उघडला तर आत ब्रेड आणि चीजशिवाय काही नाही. तुम्ही-मी तरी वेगळं काय म्हटलं असतं?

आजींनी त्या पत्रकांवर फळांची परडी ठेवली होती. आणि फ्रीझरमध्ये त्या हॅमचं हाड जपून ठेवलं होतं.

'दर जानेवारीत तो सूप करायचा,' त्या मला म्हणाल्या. 'तू कांदे चिरून देशील का? मला एका हातानं जमत नाही.' मी म्हटलं, देते की, कृती सांगा. तेव्हा कळलं की कृती त्यांना ठाऊकच नाही. सूप हे आजोबांचं खातं होतं. पन्नासहून जास्त वर्षं आजींनी फक्त गाजरं चिरली होती. कागदावर एक अक्षर नाही. त्यांच्याकडे होती ती फक्त चव.

माझ्याकडे दुसरं काय होतं? डाळ! डाळ कशी शिजते, कधी लागते, कशानं अडून बसते हे मला कुणी शिकवावं लागत नाही. त्यामुळे आम्ही ठरवलं की डाळीचं मी बघेन आणि चवीचं त्या.

घरी फोनवर आईला सांगितलं. सॅस्कटून आणि इंदूर यांच्यात साडेअकरा तासांचं अंतर. आमची सकाळ म्हणजे आईची निजायची वेळ.

'हाड? कसलं हाड?'

'डुकराचं.'

फोन बंद पडला असं वाटण्याइतकी शांतता.

'कुठे करणार आहेस?'

'त्यांच्या घरी, आई. त्यांच्याच पातेल्यात.'

'मग कर. म्हातारीला करून घाल. पण तिथला चमचासुद्धा ताईच्या ओट्यावर आणायचा नाही. आणि अंघोळ करून बाळाला घे.'

आईचा नियम आणि आईची माया एकाच वाक्यात येतात, हे तुमच्याही घरी असंच असणार.

आता कृती. मोठं, जाड बुडाचं पातेलं घ्यायचं. त्यात हॅमचं हाड, त्याला चिकटलेल्या मांसासकट, अडीच लिटर पाणी, दोन तमालपत्रं आणि आठ-दहा मिरे. तिकडचं तमालपत्र आपल्या तेजपत्त्याहून वेगळ्या झाडाचं, वासानं वेगळं असतं. आपलं घातलं तर एकच घाला, नाहीतर सूपला पुलावाचा वास येतो. मंद आचेवर तासभर हे उकळू द्यायचं. वर फेस येतो तो काढून टाकायचा. या तासाभरात हाडातला चिकटपणा पाण्यात उतरतो. म्हणूनच हे सूप फ्रिजमध्ये ठेवलं की जेलीसारखं थिजतं. ते पाहून दचकू नका, गरम केलं की पुन्हा सैल होतं.

मग साडेचारशे ग्रॅम वाटाण्याची डाळ धुऊन घालायची. हिरवी किंवा पिवळी, कुठलीही चालते. पिवळी जराशी सौम्य लागते. भिजवायची गरज नाही. मात्र डाळ जुनी नको. वर्षानुवर्षं डब्यात पडून राहिलेली डाळ तास न् तास उकळली तरी दाणा सोडत नाही. भारतात वाटाण्याची डाळ मोठ्या किराणा दुकानात किंवा ऑनलाइन मिळते. बंगाली वस्तीत असाल तर 'मोटोर डाल' मागा, लगेच मिळेल. आमच्या इंदुरात मटर दाल म्हणतात.

डाळीबरोबर दोन मोठे कांदे, तीन गाजरं, सेलरीचे तीन दांडे आणि तीन लसूण पाकळ्या, सगळं बारीक चिरून. थाइमच्या दोन काड्या मिळाल्या तर उत्तम, नाही मिळाल्या तर ओवा वगैरे घालायला जाऊ नका, तसंच राहू द्या. मीठ बिलकूल नाही! हॅम खारट असतं आणि ते आपलं मीठ हळूहळू सोडतं. शेवटी चाखूनच मीठ घालायचं, आणि बहुतेक वेळा घालावंच लागत नाही.

पुढचा दीड तास मंद आच. अर्ध्या तासानंतर पातेल्यापासून लांब जायचं नाही, कारण डाळ गळायला लागली की बुडाला बसते. लाकडी चमच्यानं तळ खरवडत राहायचं. डाळ पूर्ण विरघळली, चमचा जड वाटायला लागला की हाड बाहेर काढायचं, निवल्यावर त्याचं मांस बोटांनी सोडवून बारीक करून परत सूपमध्ये टाकायचं. मिक्सर लावू नका. काही लोक लावतात, पण मग ते हॉटेलातलं सूप होतं. गाजराचा तुकडा दाताखाली यायला हवा.

कुकरमध्ये करायचं असेल तर हाड आधी वेगळं शिजवा. डाळ घातल्यावर कुकर निम्म्याच्या वर भरू नका. ही डाळ फार फेसाळते आणि शिट्टीच्या तोंडात जाऊन बसते.

आम्ही हे सगळं केलं. वाडग्यात वाढलं. आजींनी डाव्या हातानं चमचा तोंडात घातला, डोळे मिटले, आणि मान हलवली. 'छान आहे. पण त्याचं नाही.'

'काय कमी आहे?'

'काहीतरी वर हवं.' त्यांनी जिभेच्या टोकाकडे बोट दाखवलं. 'इथे लागणारं.'

आंबट, मी म्हटलं. वरणाला लिंबू पिळल्याशिवाय आपण जेवतो का? मी लिंबू पिळून दिलं. नाही. व्हिनेगर? जवळपास, पण नाही. मोहरीची तयार पेस्ट? तीही नाही. स्वीडन, नेदरलँड्सकडे या सूपला मोहरी लावून खातात, त्यामुळे मला मोठी आशा होती. त्या रात्री आठ डबे भरले आणि मी घरी आले. अंघोळ केली, बाळाला घेतलं.

एक गोष्ट इथेच सांगून टाकते. मी ते हॅम खाल्लं. पहिल्यांदाच. खारट, धुरकट आणि मऊ. मांस म्हणून फार काही वाटलं नाही, पण अख्ख्या पातेल्याला त्यानं जे दिलं होतं ते मला कळलं. माझी एक मैत्रीण रत्नागिरीची आहे, तिला फोटो पाठवला तर ती म्हणाली, 'अगं, आम्ही सोडे घालतो तसंच की!' बरोबर आहे. मूठभर सोडे भाजीला जे करतात तेच हे हाड डाळीला करतं.

आणि याचं कारणही सरळ आहे. थंड प्रदेशात हिवाळ्यात शेतात काही उगवत नाही. घरात उरतं ते वाळवलेलं आणि खारवलेलं. वाटाणा वाळवून ठेवलेला, डुकराचं मांस मीठ-धूर देऊन टांगलेलं. दोन्ही एका भांड्यात आली की सूप झालं. म्हणूनच ते इतक्या देशांत आहे. नेदरलँड्समध्ये त्याला 'स्नेर्ट' म्हणतात आणि चमचा उभा राहिला पाहिजे अशी तिथली अट आहे. स्वीडन आणि फिनलंडमध्ये ते गुरुवारी करतात आणि त्यावर गोड पॅनकेक खातात. कॅनडातल्याच क्वेबेकमध्ये अख्खा पिवळा वाटाणा वापरतात. लंडनच्या जुन्या दाट पिवळसर धुक्याला तर लोक 'पी सूपर' म्हणायचे, म्हणजे सूपवरून धुक्याला नाव मिळालं. आमच्या कॉलेजात भाषाशास्त्राच्या तासाला आणखी एक गंमत सांगितली होती. इंग्रजीत पूर्वी मूळ शब्द 'पीज' असाच होता, एका दाण्यालाही आणि ढिगालाही. लोकांना तो अनेकवचन वाटला आणि त्यांनी 'पी' हे एकवचन स्वतःच तयार केलं. एका दाण्याला नाव मिळालं ते असं नंतर.

दोन दिवसांनी सकाळी आजींचा फोन. आवाज वेगळाच. 'काकडीच्या लोणच्याची बरणी!'

झालं असं, की आजींना एक जुनी कुरबूर आठवली. दर जानेवारीत लोणच्याच्या बरणीतल्या काकड्या कोरड्या पडलेल्या असायच्या, आणि त्या आजोबांवर चिडायच्या की तू झाकण नीट लावत नाहीस. तिकडे काकड्या मीठ, व्हिनेगर, लसूण आणि शेपूच्या जातीची डिल घालून पाण्यात मुरवतात. ते पाणी कुठे जात होतं, हे इतक्या वर्षांनी त्यांच्या लक्षात आलं होतं.

मी कोट, टोपी, मोजे, बूट चढवून शेजारच्या दारापर्यंत गेले. एक डबा गरम केला. दुसऱ्या-तिसऱ्या दिवशी हे सूप थिजून इतकं घट्ट होतं की अर्धा कप पाणी घालावंच लागतं. उतरवल्यावर बरणीतलं दोन मोठे चमचे पाणी त्यात घातलं. आंबट पदार्थ नेहमी शेवटी, हे लक्षात असू द्या. आधी घातला तर डाळ शिजतच नाही.

आजींनी चाखलं. या वेळी त्या काहीच बोलल्या नाहीत. वाडगा संपवला, आणि दुसरा मागितला. मी खिडकीतून बाहेर बघत उभी राहिले, कारण त्यांना रडताना बघावं की नाही ते मला समजत नव्हतं.

त्यानंतर जानेवारीभर मी दर आठवड्याला तिथे पातेलं चढवायची. हाड एकच होतं, मग खाटकाकडून डुकराच्या पायाचा धुरावलेला तुकडा आणायचो. तो फार खारट असेल तर रात्रभर पाण्यात भिजवून ते पाणी टाकून द्यायचं. आजींनी डाव्या हातानं गाजरं चिरायला सुरुवात केली. तुकडे ओबडधोबड व्हायचे, मी काही बोलायची नाही.

ताई या सगळ्यात कशी आली ते सांगते. मी तासन् तास शेजारी, आणि ती घरात बाळाबरोबर एकटी. एका दुपारी चिडून तिचा मेसेज आला, 'तू माझ्या बाळंतपणाला आली आहेस की त्यांच्या?' खरं होतं ते. मी म्हटलं, बाळाला गुंडाळून तूच ये, वीस पावलं तर आहेत. ती आली. प्रसूतीनंतर दवाखान्याशिवाय घराबाहेर पडायची तिची ती पहिलीच वेळ. आजी खुर्चीत बसल्या, डाव्या हाताच्या घडीत बाळ ठेवलं, आणि बाळ चक्क झोपलं. ताई स्वयंपाकघरातल्या स्टुलावर बसली. बाहेर साडेचार वाजले. निळं झालं, काळं झालं. मी दिवा लावला. ताई आजींना विचारत होती की त्यांच्या पहिल्या बाळंतपणात शेतावर कोण होतं. 'कुणी नाही,' आजी म्हणाल्या, 'मी रोज रडायचे. मला वाटायचं मी एकटीच अशी.' ताईनं माझ्याकडे बघितलं नाही. पुढच्या फोनवर तिनं नर्सला 'आय अ‍ॅम फाइन' म्हटलं नाही, खरं काय ते सांगितलं, आणि नर्सनं तिला पुढची वेळ ठरवून दिली.

ताईसाठी मी बिनहॅमचं सूप करू लागले, वेगळ्या नव्या पातेल्यात, ते खास आईच्या सांगण्यावरून. तेच वाटाणे, त्याच भाज्या, पण आधी दोन चमचे साजूक तुपात कांदा चांगला तांबूस होईपर्यंत परतायचा, घाई न करता. धुराचा वास कसा आणायचा? आपल्याकडे धुंगार देतात तसाच. सूप तयार झालं की मधोमध छोटी वाटी तरंगत ठेवायची, त्यात लाल झालेला कोळसा, वर थेंबभर तूप, आणि लगेच झाकण. पाच मिनिटं. खिडकी उघडी ठेवून करा आणि हे सगळं झाल्यावर कोळसा पाण्यानं विझवा. तिकडे घरात धुराचा अलार्म असतो, तो वाजला, जिजू धावत आले, बाळ मात्र झोपलेलंच. शेवटी लिंबू. ताईनं पूर्ण वाडगा खाल्ला, आणि त्यात लाडूही कुस्करायला गेली, तेव्हा मी तिला थांबवलं.

आईनं हे व्हिडिओवर बघितलं आणि निकाल दिला, 'हे तर पातळ पिठलं झालं.' आता आपल्याकडे बेसनात पिवळ्या वाटाण्याचं पीठ मिसळतात हे सगळ्यांना ठाऊक आहे, तेव्हा आईचं म्हणणं अगदीच चूक म्हणता येत नाही. तिनं इंदूरला करून पाहिलं, वरून हिंग-जिऱ्याची फोडणी दिली. बाबांना फार तूप चालत नाही, म्हणून एकाच चमच्यावर भागवलं.

तुमच्यात जे डुकराचं मांस खातात, त्यांच्यासाठी दोन शब्द. सॅंडविचच्या हॅमच्या पातळ चकत्या या सूपला कामाच्या नाहीत, त्यांना हाड नसतं. त्यापेक्षा कोल्ड स्टोरेजमध्ये बेकनचा न कापलेला तुकडा मिळतो का ते बघा. आणि तुम्ही गुवाहाटी, शिलाँग, कोहिमाकडे असाल तर तुमच्या बाजारात चुलीवर धुरावलेलं पोर्क असतंच, त्याचं सूप फार छान होईल. सूप उरलं तर लवकर निववून फ्रिजमध्ये ठेवा, तीन-चार दिवसांत संपवा. फ्रीझरमध्ये दोन-तीन महिने टिकतं.

फेब्रुवारीच्या दुसऱ्या आठवड्यात आजींचा मुलगा आला. प्लास्टर निघालं होतं. त्यानं फ्रीझर उघडला. आत एकोणीस डबे, प्रत्येकावर चिकटपट्टी आणि आजींच्या डाव्या हातानं लिहिलेली वाकडी तारीख. त्यानं एकेक डबा बाहेर काढून बघितला, परत ठेवला. जेवणात त्याला सूप वाढलं. पहिल्या चमच्यालाच तो आईकडे बघायला लागला. 'हे तर बाबांचं आहे. तुला कुठे मिळाली कृती?'

आजींनी माझ्याकडे बोट केलं, आणि मी लोणच्याच्या बरणीकडे.

म्हणून ती माहितीपत्रकं कचऱ्यात गेली असं समजू नका. दोघं रात्री बराच वेळ बोलत बसले होते, दिवा उशिरापर्यंत दिसत होता. ठरलं ते एवढंच, की या वर्षीचा उन्हाळा आजी त्याच घरात काढतील, आणि ऑक्टोबरात बर्फ पडायच्या आधी पुन्हा बोलायचं. आजी मला म्हणाल्या, कदाचित ऑक्टोबरात मी स्वतःच हो म्हणेन. पण तेव्हा मी म्हणेन.

मी मार्चमध्ये परतले. ताई आता बरी आहे. बाळ पालथं पडतं. ती दर शनिवारी दुपारी आजींकडे जाते, आणि साडेचारला तिकडे आता लख्ख ऊन असतं. आजींचा फोन जूनमध्ये आला, रविवारी. इंदुरात मान्सून अजून पोचायचा होता, आणि तिकडे मे महिन्यात पेरलेला वाटाणा वीतभर झाला होता. पाऊस आला की कळव, म्हणाल्या.